दगडीपाल्याचा अर्क, चमकणारा डाय आणि जागच्या जागी थिजलेल्या पेशी

मे महिन्यातली गोष्ट आहे, रात्री साडेअकराला व्हॉट्सअपवर फोटो आला. काळ्या पार्श्वभूमीवर लालभडक जाड दोऱ्या, एकेका पेशीत सात-आठ, मधेमधे गुठळ्या. खाली मेसेज, "दादा, बघा ना, दगडीपाल्याने अ‍ॅक्टिन कसं जाड झालंय, पेपर होईल का?" पोरगी चोपडा तालुक्यातली, मी ज्या कॉलेजातून निघालो तिथेच आता एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, म्हणून मी दादा. मी पुण्यात काही वर्षं मायक्रोस्कोपवर बसून डोळे फोडलेत एवढंच माझं भांडवल, बाकी आता जळगावात शिकवतो.

फोटो खरंच सुंदर होता. आणि तिथेच मला शंका आली, कारण अ‍ॅक्टिन म्हणजे पेशीच्या सांगाड्यातले प्रथिनाचे धागे, आणि हलणाऱ्या पेशींचं अ‍ॅक्टिन असं सणसणीत दोरखंडासारखं सहसा दिसत नाही, ते जरा विस्कटलेलं असतं, पुढच्या कडेला झालरीसारखं फडफडत असतं. हे म्हणजे कुणीतरी पेशीला खाटेला बांधल्यासारखं वाटत होतं.

आधी तिने काय केलं ते सांगतो. दगडीपाला आपल्याकडे कुठेही उगवतो, बांधावर, रेल्वे लाइनीच्या कडेला, कुणी त्याला कंबरमोडी म्हणतं कुणी एकदांडी. कपाशीत खुरपताना हाताला विळा लागला की तिची आजी तो पाला चुरगळून जखमेवर पिळते, लहानपणापासून बघितलेलं. त्यावरून प्रोजेक्ट ठरला की या पाल्याने जखम भरते म्हणजे पेशी जास्त वेगाने सरकतात का ते बघू. पेशी उंदराच्या, एनआयएच ३टी३ नावाच्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे जखम भरताना ऊतीचं जाळं विणणाऱ्या, पुण्याच्या एनसीसीएस या पेशी-संशोधन संस्थेच्या सेल रिपॉझिटरीतून आणलेल्या. प्लेटमध्ये पेशींची चादर तयार झाली की २०० मायक्रोलिटरच्या टिपने मधून एक रेघ ओढायची, म्हणजे खोटी जखम झाली, आणि मग दोन्ही कडांवरच्या पेशी सरकत येऊन ती फट किती वेळात बुजवतात ते बघायचं. साधी टेस्ट आहे, स्वस्त आहे, म्हणूनच अर्धा महाराष्ट्र तीच करतो.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण गाइडना पाहिजे होतं काहीतरी दिसायला भारी, म्हणून जिवंत पेशींमधलं अ‍ॅक्टिन बघायचं ठरलं आणि एसआयआर-अ‍ॅक्टिन नावाच्या डायची एक बारीकशी व्हायल मागवली. महाग प्रकार आहे, तिने ती व्हायल बाळासारखी जपली.

हा डाय काय आहे ते नीट समजून घ्या, कारण सगळी भानगड तिथेच आहे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग चमकतो, तो सिलिकॉन-रोडामाइन, म्हणजे जुन्या रोडामाइनमधला ऑक्सिजन काढून त्या जागी सिलिकॉन बसवलेला. साधारण ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश घेतो आणि ६७५ च्या आसपास सोडतो. या भागाची गंमत अशी की तो लाजाळूच्या उलट वागतो, नुसता तरंगत असताना मिटलेला असतो, रंग नाही चमक नाही आणि मिटलेला असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आरामात आत घुसतो, आणि अ‍ॅक्टिनला चिकटला की उघडतो आणि पेटतो. म्हणून धुवायची पण फारशी गरज नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोझानच्या काई जॉनसन नावाच्या शास्त्रज्ञांच्या ग्रुपने तो २०१४ मध्ये जगापुढे आणला आणि खरंच मोठं काम झालं ते, कारण त्याआधी जिवंत पेशीत अ‍ॅक्टिन बघायचं म्हणजे जीन घालून जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडलेलं अ‍ॅक्टिन बनवून घ्या, किंवा लाइफअ‍ॅक्ट नावाचा १७ अमिनो आम्लांचा तुकडा वापरा, म्हणजे पुन्हा ट्रान्सफेक्शन, पेशीत जीन घुसवणं आलंच. फॅलॉइडिन नावाचं धागे रंगवायचं द्रव्य उत्तम आहे पण ते आवरणातून आत जात नाही, मेलेल्या, फिक्स केलेल्या म्हणजे रसायनाने आहे तशा गोठवलेल्या पेशींनाच लागतं.

दुसरा भाग म्हणजे चिकटणारा हात. आणि तो हात बनवलाय जॅस्प्लाकिनोलाइडवरून. हे समुद्री स्पंजातलं विष आहे, आणि त्याचं काम काय, तर अ‍ॅक्टिनचे धागे पक्के करून टाकणं, सुटूच न देणं.

आता अ‍ॅक्टिन कसं चालतं ते केळीच्या शेतात उभं राहून सांगतो. ठिबकच्या नळ्या आपण एका प्लॉटमधून गुंडाळून दुसऱ्या प्लॉटमध्ये अंथरतो, नळ्या तेवढ्याच, फक्त मागून काढायच्या आणि पुढे टाकायच्या. पेशी अगदी हेच करते, धाग्याच्या मागच्या टोकाचे मणी सुटतात आणि तेच मणी पुढच्या टोकाला लागतात, त्या जोरावर पेशीची पुढची कड ढकलली जाते. आता कुणी रात्रीतून सगळ्या नळ्या जमिनीला सिमेंटने बसवून दिल्या तर? जुन्या प्लॉटात नळ्या मस्त घट्ट दिसतील, फोटो काढला तर एकदम सरळ रेषेत, पण पुढचा प्लॉट कोरडाच राहणार ना भो.

मी तिला फोन लावला आणि पहिला प्रश्न विचारला, डाय किती टाकला? "एक मायक्रोलिटर, एक एमएलमध्ये." व्हायलमध्ये ५० नॅनोमोल होता, तिने तो ५० मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकामध्ये विरघळवला म्हणजे स्टॉक झाला १ मिलिमोलर, त्यातला एक मायक्रोलिटर एक एमएलमध्ये म्हणजे १ मायक्रोमोलर. तासाभराचा झटपट फोटो काढायला लोक एवढा वापरतात, पण रात्रभर पेशी सरकताना बघायच्या तर १०० नॅनोमोलरच्या खाली राहायचं असतं, म्हणजे दहापट कमी. मग एवढा का टाकला? कारण ऐकून मला हसावं का रडावं कळेना, लॅबमधलं सगळ्यात छोटं पिपेट ०.५ ते १० मायक्रोलिटरचं आहे आणि ०.१ मायक्रोलिटर ओढता येत नाही म्हणून "मग एकच टाकला दादा". स्टॉकचं अजून एक दहापट पातळ केलेलं डायल्युशन करायचं कुणी सांगितलंच नव्हतं. वर किटसोबत आलेलं व्हेरापमिल पण टाकलेलं १० मायक्रोमोलर. ते कशासाठी असतं तर काही पेशी डाय आत आला की पंपाने बाहेर फेकतात, ते पंप बंद करायला. पण व्हेरापमिल हे मुळात बीपी आणि हृदयाचं औषध, कॅल्शियमचे मार्ग अडवणारं, आणि पेशीच्या सरकण्यात कॅल्शियमचा संबंध आहेच.

तर मी म्हणलं, तुझ्या कंट्रोलचं काय झालं, म्हणजे अर्क नसलेल्या वेलमध्ये (वेल म्हणजे प्लेटमधला खळगा) फट बुजली का? म्हणे नाही, पण सर म्हणाले सीरम (पेशी वाढायला घालतात तो रक्तातला द्रव) कमी आहे म्हणून असेल. सीरम कमीच ठेवायचं असतं या टेस्टमध्ये, नाहीतर पेशी सरकून फट भरली की विभागून भरली हेच कळत नाही. पण ३टी३ सारखी धावरी पेशी कमी सीरममध्ये पण एका दिवसात बऱ्यापैकी पुढे येते. कंट्रोलच जागचा हलला नाही तर त्याच्या शेजारच्या वेलबद्दल काहीही बोलण्यात अर्थ नाही, आणि इथे तर त्या शेजारच्यावर पेपर लिहायचं चाललं होतं. तिचं सगळं लक्ष एकाच गोष्टीवर होतं, अर्काच्या वेलमध्ये लाल चमक कंट्रोलपेक्षा जास्त आहे, म्हणजे अ‍ॅक्टिन वाढलं. त्या चमकेकडे नंतर येतो, ती वेगळीच कथा निघाली.

लगेच डायवर बोट ठेवायचं नाही असं मी ठरवलं, कारण मे महिना होता आणि आपल्याकडे मे महिन्यात काहीही बिघडू शकतं. जळगाव-भुसावळला ४५ पर्यंत पारा जातो, आणि लोकांना माहीत नसतं पण सीओटू इनक्युबेटर फक्त तापवतो, थंड करत नाही. आत ३७ ठेवायचं तर बाहेरची खोली त्याच्या चार-पाच अंश तरी खाली पाहिजे. लाइट गेली, एसी बंद, खोली ३८ झाली की आतल्या पेशींना ताप चढलाच म्हणून समजा, आणि डिस्प्लेवर कधीकधी ते दिसतही नाही. तिला सांगितलं, पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर बुडवून आत ठेव आणि दर दोन तासाला बघ. दोन दिवस बिचारीने केलं, दुपारी थोडं वर जात होतं पण त्याच इनक्युबेटरमधल्या फ्लास्कातल्या, डाय नसलेल्या पेशी मजेत वाढत होत्या. उन्हाला क्लीन चिट. (वर्षातून एकदाच मिळते.)

मग बसवलेला प्रयोग कंटाळवाणा होता पण त्यानेच उकल झाली. एकाच प्लेटमध्ये एक वेल नुसता मीडिया (पेशी वाढवायचं द्रावण), एकात फक्त डीएमएसओ, एकात फक्त व्हेरापमिल, एकात डाय १०० नॅनोमोलर, एकात डाय १ मायक्रोमोलर, आणि अर्क कुठेच नाही. फोटो फक्त साध्या फेज कॉन्ट्रास्टमध्ये, म्हणजे डायशिवाय पेशी दिसतात त्या पद्धतीने, चमकणारा दिवा लावायचाच नाही. सकाळी सहाला तिचा मेसेज आला, नुसता मीडिया आणि डीएमएसओ दोन्हीत फट जवळपास बुजलीय. १०० नॅनोमोलरवाला त्यांच्यापेक्षा किंचित मागे पण चाललाय. १ मायक्रोमोलरच्या वेलमध्ये मात्र फट कालच्यासारखीच, कडेच्या पेशी पसरून बसलेल्या, जणू कुणी सांगितलंय हलू नका. व्हेरापमिल एकट्याने थोडं मंदावल्यासारखं वाटलं, पण ते एकदाच केलेलं आहे, त्याच्यावर मी पैज लावणार नाही.

म्हणजे तिने जे बघितलं ते दगडीपाल्याचं नव्हतंच, स्पंजाच्या विषाचं होतं, आणि ते तिनेच घातलेलं.

इथे कुणीही म्हणेल की झालं, डाय कमी कर आणि पुढे जा. मी पण तेच म्हणलो आणि चुकलो. डाय १०० नॅनोमोलर केला, व्हेरापमिल काढलं, रात्री सहा-सात तास आधी डाय घालून ठेवला कारण कमी डोस असला की धागे रंगायला वेळ लागतो, आणि तरीही अर्काच्या वेलमध्ये लाल चमक कंट्रोलच्या वरच. शिवाय नवीन गोष्ट, टाइमलॅप्स सुरू केल्यावर तीन-चार तासात अर्कातल्या पेशी गोल होऊन सुटायला लागल्या. म्हणे बघा दादा, अर्काचा परिणाम आहेच.

मी विचारलं अर्क कसा काढलास. पानं वाळवून, इथेनॉलमध्ये. रंग? "गडद हिरवा, एकदम मस्त." तेव्हा डोक्यात ट्यूब पेटली. हिरवा म्हणजे क्लोरोफिल, आणि क्लोरोफिल लाल प्रकाश खाऊन ६७० ते ६८५ नॅनोमीटरला चमकतं. एसआयआर सोडतो ६७५ ला. फिल्टर एकच, कॅमेऱ्याला काय माहीत कुठला फोटॉन स्पंजाच्या पोराचा आणि कुठला पानाचा! वर असं की हा प्रकाश आपल्या डोळ्याला जेमतेम दिसतो, आयपीसमधून बघितलं तर अंधारच वाटतो, जे आहे ते कॅमेऱ्याच्या चित्रात आणि तिथला लाल रंग पण सॉफ्टवेअरने भरलेला, त्यामुळे डोळ्याने फरक ओळखायची सोयच नाही.

तपासणं सोपं होतं. अर्क घातलेला पण डाय अजिबात नसलेला एक वेल, तीच सेटिंग, तेच एक्सपोजर. चमकला. धागे नाहीत, आवरणाभोवती धूसर आणि आतमध्ये ठिपके ठिपके, क्लोरोफिल तेलात विरघळणारं असल्यामुळे पेशीतल्या स्निग्ध जागी जाऊन बसलेलं. म्हणजे "अ‍ॅक्टिन वाढलं" ही जी तिच्या निकालाची मुख्य ओळ होती ती पानाचा हिरवा रंग होता.

आणि पेशी गोल का होत होत्या? इथे तिनेच शाबासकीचं काम केलं, मला सुचायच्या आधी. ज्या जागेवर कॅमेरा रात्रभर रोखलेला होता तिथून स्टेज जरा बाजूला सरकवून त्याच वेलचा दुसरा कोपरा बघितला, तिथल्या पेशी धडधाकट! अर्क तोच, डाय तोच, फक्त तिथे दिवा पडला नव्हता. क्लोरोफिल आणि त्याचे तुकडे प्रकाश पडला की ऑक्सिजनला भडकवतात, सिंगलेट ऑक्सिजन तयार होतो आणि तो जवळचं आवरण जाळतो. कॅन्सरवर फोटोडायनॅमिक उपचार करतात तो याच तत्त्वावर. आपण मात्र नकळत उंदराच्या निरागस पेशींवर करत होतो.

प्रकाशाचा हिशोब पण एकदा मांडून बघितला. तिचं सेटिंग होतं दर दोन मिनिटाला एक फोटो, अर्धा सेकंद एक्सपोजर, बारा तास. म्हणजे ३६० फोटो, म्हणजे त्याच जागेवर पूर्ण तीन मिनिटं झगझगीत लाल दिवा. दर दहा मिनिटाला एक फोटो आणि ०.१ सेकंद केलं, कॅमेऱ्यात दोन बाय दोन बिनिंग लावलं, चार ठिपक्यांचा एक केला, म्हणजे कमी प्रकाशात पण चित्र निघतं, तर तेच बारा तास सात सेकंदात बसले. चित्र जरा रवाळ येतं. गाइडना आवडलं नाही. पण अ‍ॅक्टिनचा एकेक धागा ७ नॅनोमीटर जाडीचा असतो आणि साध्या मायक्रोस्कोपला २००-२५० च्या खालचं वेगळं दिसतच नाही, आपण बघतो ते जुडगेच असतात, मग रवाळ असलं म्हणून काय बिघडतं.

मग अर्कच बदलला. आजी काय इथेनॉल वापरत नाही ना! ताजा पाला थोड्या पाण्यात वाटून, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढला, हिरवा गाळ खाली आणि फिल्टरवर राहिला, खाली आला फिक्कट तपकिरी चहासारखा रस. डाय न घालता कॅमेऱ्याखाली बघितला, जवळपास काळा. कोळशाने रंग उडवायचा पर्याय होता पण कोळसा बाकीच्या कामाच्या गोष्टी पण शोषून घेतो, मग शेवटी काय टेस्ट केलं तेच कळत नाही.

आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे वेग मोजायच्या वेलमध्ये डाय घालणंच बंद केलं. सरकणं मोजायचंय तर फेज कॉन्ट्रास्टमध्ये फट दिसते की स्पष्ट, त्याला चमक कशाला पाहिजे? अ‍ॅक्टिन बघायला शेजारी वेगळे वेल ठेवले, त्यात १०० नॅनोमोलर डाय, थोडाच वेळ बघायचं. शिवाय एक संच चार टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करून रोडामाइन-फॅलॉइडिनने रंगवला, त्याची चमक नारिंगी भागात असल्यामुळे क्लोरोफिलचा उरलासुरला त्रास पण टळतो, आणि फिक्स केलेल्या पेशीला डायने काय होणार आता. यात पण एक दिवस वाया गेला, पॅराफॉर्मल्डिहाइड संपलं म्हणून तिने एक प्लेट मिथेनॉलने फिक्स केली आणि काहीच रंगलं नाही, मिथेनॉलने अ‍ॅक्टिनची घडण अशी मोडते की फॅलॉइडिनला धरायला जागाच उरत नाही. हे पुस्तकात असतं, पण हात पोळल्याशिवाय कुणाच्या लक्षात राहत नाही.

मधेच तिला मायक्रोट्यूब्यूलचा, म्हणजे सांगाड्यातल्याच दुसऱ्या नळ्यांचा डाय पण आणायचा होता, एसआयआर-ट्यूब्यूलिन. मी म्हणलं थांब जरा, त्याचा हात डोसिटॅक्सेलपासून बनलाय, कॅन्सरचं औषध, जास्त झालं की मायक्रोट्यूब्यूल पक्के होतात आणि विभागणारी पेशी अर्ध्यातच अडकते. सातपुड्यात कळलावी मिळते तिच्यात कोल्चिसीन असतं, ते उलटं, मायक्रोट्यूब्यूल जुळूच देत नाही. म्हणजे एक विष मोडणारं, एक विष बांधणारं, आणि चमकणारा दिवा लावायला हात मिळतो तो अशाच कुठल्यातरी विषाचा, कारण सांगाड्याला घट्ट धरणारे रेणू निसर्गाने बहुतेक विष म्हणूनच बनवलेत. अमानिटा अळंबीतलं फॅलॉइडिन तरी दुसरं काय आहे. लाइफअ‍ॅक्टसारखा जीनमधून घातलेला तुकडा पण जास्त झाला की धाग्यांशी छेडछाड करतोच, त्यामुळे तो घेतला असता तर सुटलो असतो असंही नाही.

निकाल काय? तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी केलं. पाण्यातल्या अर्काने फट बुजायच्या वेगात म्हणण्यासारखा फरक नाही, अ‍ॅक्टिनचे दोर पण कंट्रोलसारखेच विस्कटलेले, झालर फडफडतेय. त्या रात्रीचा लालभडक फोटो प्रबंधात आहे, पण "डायच्या जादा डोसचा परिणाम" म्हणून, आणि खरं सांगतो, तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला. गाइड आधी नाराज होते, मग परीक्षकांचा मूड बघून "हे मीच करायला सांगितलं" म्हणाले. चालायचंच.

आजीला तिने सांगितलं की पाल्याने पेशी पळत नाहीत. आजी म्हणे, "पळायला कोणी सांगितलं, रक्त थांबतं ना लगेच." आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, कारण रक्त थांबणं ही वेगळीच गोष्ट आहे, त्यात फायब्रोब्लास्टचा नंबर फार नंतर लागतो, आणि प्लेटमध्ये रक्त नव्हतंच. आता पोरगी म्हणते बकऱ्याचं रक्त सायट्रेटमध्ये धरून आणायचं, कॅल्शियम घालायचं, आणि अर्काने गुठळी लवकर होते का ते घड्याळ लावून बघायचं, ना डाय ना कॅमेरा. सध्या अडलंय ते एवढ्यावरच की पहाटे पाचला खाटकाकडे बाटली घेऊन कोण जाणार.